‘माउल’ या जर्मन शब्दाविषयी मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. एकाच अवयवाला जर्मन माणसाला दोन शब्द कशाला हवेत, ही तुझी तक्रार रास्त आहे. माणसाचे तोंड ते ‘मुंड’ आणि गाय, घोडा, कुत्रा यांचे ते ‘माउल’, एवढे सांगून शिक्षक पुढे सरकतात. मला मात्र या दुसऱ्या शब्दाविषयी सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही.

प्राचीन उच्च जर्मनमध्ये तो ‘मूला’ असा होता आणि डच व जुन्या नॉर्स भाषांतही त्याची भावंडे सापडतात. ओठ मिटून काढलेल्या ‘मू’ अशा आवाजावरूनच तो घडला असावा, असे व्युत्पत्तिकार मानतात. गोठ्यात वाढलेल्या तुला हे वेगळे पटवून द्यायला नको.

आज माणसाच्या तोंडाला ‘माउल’ म्हणणे हा उर्मटपणा ठरतो. ‘हाल्ट्स माउल’ म्हणजे आपले ‘थोबाड बंद कर’. परंतु जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५३० मध्ये बायबलच्या भाषांतराविषयी जे खुले पत्र लिहिले, त्यात घरातली आई, गल्लीतली मुले आणि बाजारातला साधा माणूस यांच्या ‘माउल’कडे पाहून, म्हणजे ते कसे बोलतात हे ध्यानात घेऊन भाषांतर करावे, असे त्याने बजावले आहे, आणि तिथे तो कोणाचाही अपमान करत नाही. मळणीच्या बैलाचे तोंड बांधू नये, या बायबलमधल्या आज्ञेतही त्याने हाच शब्द योजला. बैलाच्या मुसक्याला जर्मनमध्ये ‘माउलकोर्ब’, म्हणजे तोंडाची टोपली, म्हणतात. राजकारणात त्याचा अर्थ थेट मुस्कटदाबी.

लाळ्या-खुरकुतालाही जर्मन नाव तोंड आणि खूर यांवरूनच आहे. फ्रीड्रिश लोफ्लर आणि पाउल फ्रोश यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले की हा रोग जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार जाणाऱ्या कारकामुळे होतो. प्राण्यांच्या रोगामागचा विषाणू ओळखला गेला तो असा.

खरी गंमत मात्र घुसखोरांची आहे. ‘माउलटियर’ म्हणजे खेचर, पण त्यातला ‘माउल’ लॅटिन ‘मूलुस’वरून, खेचर याच अर्थाने, आलेला. ‘माउलबेरे’ म्हणजे तुती. तीही लॅटिन ‘मोरुम’चीच लेक, फक्त दोन ‘र’ जवळ आल्याने जिभेने एकाचा ‘ल’ करून टाकला. सर्वांत लबाड तो ‘माउलवुर्फ’, अर्थात इंग्रजीत ज्याला ‘मोल’ म्हणतात तो जमीन पोखरणारा छोटा प्राणी. ऐकणाऱ्याला वाटते की हा तोंडाने माती फेकतो. प्रत्यक्षात तो पुढच्या पंजांनी उकरतो, आणि नावाचा मूळ अर्थही ‘ढीग फेकणारा’ असा होता. तो ढिगाचा जुना शब्द लोक विसरले, मग त्याच्या जागी मातीचा शब्द आला, आणि तोही लोपल्यावर ओळखीचा ‘माउल’ तिथे येऊन बसला. व्याकरणकारांनी याला अपभ्रंश म्हणून नाक मुरडले तरी मला ही लोकांची कारागिरी फार आवडते.

तेव्हा यापुढे ‘माउल’ने सुरू होणारा शब्द भेटला, तर आधी कोश उघड आणि मगच अर्थ लाव. ‘श्नाउत्से’ आणि ‘राखेन’ हे जनावरांच्या तोंडाचे आणखी दोन शब्द पुढच्या पत्रासाठी ठेवतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव