दादा, त्या दोन लूपसाठी अन् मावशीच्या पंचवीस हजारांसाठी थँक्यू

दादा, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हणलं की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून कट करता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहायलोय. नाव टाकू नको म्हणालात, नाही टाकत.

2024 च्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीन नुसतं ओसंडून चाललं होतं, हमीभाव 4892 अन् सौदे त्याच्या बरेच खाली, त्यामुळं आडतीवर, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या आमच्या दुकानावर, येणारा प्रत्येक माणूस आधीच तोंड पाडून यायचा. अशात मी आमच्या आडतीच्या पट्टीच्या (शेतकऱ्याला वजन, भाव अन् पैशाचा हिशोब देतो ती चिठ्ठी) प्रोग्रॅममध्ये हात घातला. आधी एका शेतकऱ्याचा एकच ढीग धरायचो, पण त्या वर्षी पावसानं भिजलेला माल वेगळा अन् कोरडा वेगळा, दोन भाव, दोन वजनं. मग शेतकऱ्यांच्या क्वेरीचा (डेटाबेसकडं मागितलेल्या यादीचा) एक व्हाइल लूप (यादी संपेपर्यंत तेच काम परत परत करणारा कोड) अन् त्याच्या पोटात त्या शेतकऱ्याच्या ढिगांच्या क्वेरीचा दुसरा व्हाइल लूप टाकला. कोड पीएचपी भाषेत, डेटाबेस मायएसक्यूएल, साधंच काम.

संध्याकाळी प्रिंट दिली तर पहिल्या शेतकऱ्याची पट्टी आली अन् प्रिंटर गप्प. एरर नाही, वॉर्निंग नाही. मी प्रिंटर बंद-चालू केला, केबल काढून लावली, डेटाबेसमध्ये जाऊन शेतकरी मोजले, सगळे होते. रात्री साडेदहाला तुम्हाला फोन लावला अन् त्या एकाच पट्टीचा फोटो पाठवला.

तुम्ही कोड मागितलाच नाही. म्हणालात, "वर नाव आलंय, खाली सहीच्या जागी नाव कोरं का हाय रे?" मी संध्याकाळपासून ती पट्टी हातात धरून फिरत होतो, पण खालच्या कोऱ्या जागेकडं माझं लक्षच गेलं नव्हतं. मग म्हणालात, आतला लूप संपल्यावर व्हार डम्प (व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या डब्यात, काय आहे ते दाखवणारी ओळ) टाक अन् 'रो'मध्ये, म्हणजे यादीतल्या हातातल्या ओळीत, काय उरलंय ते बघ. टाकलं. नल, म्हणजे काहीच नाही. 'रिझल्ट'मधून, म्हणजे क्वेरीच्या आलेल्या उत्तरातून, पुढची ओळ मागितली, तिथंही नल.

मी आतल्या क्वेरीलाही 'रिझल्ट' अन् 'रो' हीच नावं दिली होती. कॉलेजात सी अन् जावा शिकलो, तिथं महिरपी कंसाच्या आत जाहीर केलेलं व्हेरिएबल कंस संपला की संपतं, म्हणून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की आतलं 'रो' वेगळं अन् बाहेरचं वेगळं. तुम्ही समजावलं की पीएचपीत व्हाइलच्या नाहीतर इफच्या कंसाला स्वतःचं असं घर नसतं, घर असतं ते फंक्शनला (नाव देऊन वेगळा ठेवलेल्या कोडच्या तुकड्याला). आतल्या क्वेरीनं बाहेरच्या 'रिझल्ट'वर स्वतःचा माल ओतला, आतल्या लूपनं तो शेवटच्या ओळीपर्यंत उपसला, अन् बाहेरचा लूप पुढचा शेतकरी मागायला आला तर त्याच भांड्यात काही नाही. त्याला वाटलं काम झालं. म्हणून एररही नाही, कारण पीएचपीच्या हिशोबानं काही चुकलंच नव्हतं. आतली नावं 'ढीग_रिझल्ट' अन् 'ढीग_रो' केली, बाराच्या आत सगळ्या पट्ट्या आल्या. मी खुशीत झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक आबा पट्टी घेऊन परत आले. अकरा क्विंटल चाळीस किलो, भाव 4150, म्हणजे 47,310 व्हायला पाहिजेत अन् पट्टीवर 1,12,830. म्हणाले, "लेकरा, एवढं सोयाबीन माझ्या रानात झालंच न्हाई." त्यांच्या आधीच्या माणसाचे 65,520 त्यांच्या टोटलमध्ये तसेच बसले होते. हे तुम्ही नंतर एका वाक्यात सांगितलं, ते मला आयुष्यभर पुरेल: काट्यावरून आधीचं पोतं उतरवलंच नाहीस अन् त्याच्यावरच दुसऱ्याचं ठेवलंस.

पण तेव्हा मी तुम्हाला फोन केला नाही, घाईत स्वतःच टोटल शून्य करायची ओळ टाकली, अन् ती टाकली आतल्या लूपच्या पोटात. आबांची पट्टी बरोबर आली, कारण त्यांचा ढीग एकच होता. मला वाटलं जमलं, अन् दुपारपर्यंत पट्ट्या देत बसलो.

दुपारी तुम्हीच फोन केलात, रात्रीचं नीट चाललंय का म्हणून. शून्य कुठं टाकलंस हे विचारलंत, मी सांगितलं, अन् तुम्ही गप्प झालात. मग जे विचारलंत त्यासाठी हे सगळं पत्र आहे. तुम्ही ओळ कुठं हलवायची ते आधी नाही सांगितलं. आधी विचारलंत, "सकाळपासून किती पट्ट्या गेल्या? त्यातल्या दोन ढिगांच्या किती?"

अकरा गेल्या होत्या. चार दोन ढिगांच्या. प्रत्येक ढिगाला टोटल शून्य व्हायची म्हणजे त्या चौघांना फक्त शेवटच्या ढिगाचे पैसे लागले होते. औशाकडच्या एक मावशी होत्या, कोरडा माल सहा क्विंटल वीस किलो 4100 नं, भिजका अडीच क्विंटल 3700 नं. त्यांच्या पट्टीवर नुसत्या भिजक्याचे 9,250, कोरड्याचे 25,420 गायबच. हमाली-तोलाई त्यातूनच कापलेली. त्या काही बोलल्या नाहीत, त्यांना वाटलं उरलेले आडत्या मागून देतेत.

मालकाला सांगायला माझी हिंमत होत नव्हती. तुम्ही म्हणालात, कोड नंतर, आधी चौघांना फोन कर, मी लाइनवर थांबतो. तुमच्या ऑफिसची वेळ होती दादा, तरी थांबलात. मालकही रागावले नाहीत, लगेच फरक काढून ठेवला.

त्यानंतर शून्याची ओळ बाहेरच्या लूपच्या आत पण आतल्या लूपच्या आधी गेली. पट्टीचं सगळं काम एका फंक्शनमध्ये घातलं, आता एका शेतकऱ्याचं टोटल दुसऱ्याकडं जायला वाटच नाही. दर शेतकऱ्याला वेगळी क्वेरी मारण्यापेक्षा जॉइन करून, म्हणजे दोन्ही याद्या एकाच क्वेरीत जोडून, शेतकऱ्याच्या नंबरनं लावून घे म्हणालात, तेही केलं. आता नंबर बदलला की आधीच्याची पट्टी छापते, म्हणून तुम्ही बजावल्याप्रमाणं लूप संपल्यावर शेवटच्या शेतकऱ्याची पट्टी वेगळी छापली, नाहीतर ती राहून गेली असती. अन् आता काही बदललं की दोन ढिगांच्या शेतकऱ्यावर आधी तपासतो, एकावर नाही.

मावशी सोमवारी आल्या, पैसे मोजून घेतले, अन् विचारलं चूक कुणी काढली. मी म्हणलं आमचे एक दादा आहेत पुण्याला. पुढच्या बाजाराला त्या घरच्या तुरीची डाळ घेऊन आल्या, दोन किलोची पिशवी, म्हणाल्या त्या दादाला दे. ती काउंटरच्या मागं कपाटात ठेवलीय, कुणाला हात लावू देत नाही. लातूरला उतरलात की सरळ आडतीवर या.