रविवारची जपानी परेड – येणाऱ्यांनी नक्की वाचा

मंडळी, या रविवारी आपण सॅन फ्रान्सिस्कोच्या चेरी ब्लॉसम फेस्टिवलची परेड बघायला जातोय आणि ठरल्याप्रमाणे प्रत्येकाने एका मित्राला किंवा मैत्रिणीला सोबत आणायचंय, विशेषतः जे इकडे नवीन आलेत आणि ज्यांचं वीकेंडला एकटंच घरी बसणं होतं त्यांना आठवणीने विचारा.

- भेटायचं सकाळी ११:३० ला, सिव्हिक सेंटर बार्ट (इथली लोकल ट्रेन) स्टेशनच्या बाहेर. गाडी आणू नका, रस्ते बंद असतात, पार्किंग मिळत नाही.
- परेड दुपारी १ ला सिटी हॉलपासून निघते, पोक स्ट्रीट आणि मग पोस्ट स्ट्रीटने जपानटाऊनला जाते. आपण पोस्ट स्ट्रीटवर उभं राहू.
- शेवटपर्यंत थांबायचंच! सगळ्यात शेवटी तारू मिकोशी येते, साकेच्या (तांदळाच्या जपानी दारूच्या) पिंपांची रचलेली भलीमोठी पालखी, शंभरावर माणसं खांद्यावर नाचवत आणतात, ते बघून अंगावर काटा येतो.
- वारा गार असतो, जॅकेट घ्या.
- शाकाहारी लोकांनी मिसो सूप घ्यायच्या आधी विचारा, त्यात बहुतेक वेळा माशाचं दाशी (पातळ रस्सा) असतं.

आणि एक विनंती, किमोनोतल्या आजीआजोबांचे फोटो विचारूनच काढा. १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, इथल्या जपानी कुटुंबांना घरंदारं सोडून सरकारच्या बंदी छावण्यांत जावं लागलं होतं, परत येऊन त्यांनी जपानटाऊनची ही वस्ती पुन्हा उभी केली, त्यामुळे हा त्यांच्यासाठी फार जवळचा दिवस आहे.

येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत स्वतःचं आणि मित्राचं नाव ग्रुपवर टाका.