सूचना : या महिन्याची पेन्सिल स्केचेस

सभासद मित्रमैत्रिणींनो,

या महिन्याचा विषय आहे शेतावरची कामं आणि वाहनं. चित्रं येत्या रविवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका. बैलगाडी, सायकलवर लादलेला चारा, डोक्यावर मोळी घेतलेली बाई, काहीही चालेल, पण प्रत्यक्ष समोर बघून काढा. ओझ्याने मानेला आणि कमरेला आलेला बाक नीट पाहा. मला तो चेहऱ्यापेक्षा बोलका वाटतो.

मागच्या वेळी बऱ्याच जणांचं गाडीचं चाक फसलं होतं. तिरकं दिसणारं चाक लंबगोल होतं आणि त्याचा आखूड अक्ष आसाच्या (चाक ज्यावर फिरतं त्या दांड्याच्या) रेषेतच येतो. एवढं एचबी पेन्सिलीने हलकं आखा, मगच आरे. आरे सारख्या अंतरावर दिसत नाहीत, लंबगोलाच्या दोन्ही टोकांकडे दाटतात. घासून चकाकलेली लोखंडी धाव (चाकावरची पट्टी) कोरा कागद सोडून दाखवा, गाडीखालची सावली ६बी या मऊ, गडद पेन्सिलीने भरा. बोटाने पुसू नका, लाकडाचा पोत जातो.

फोटो दिवसाउजेडी, कागदावर सरळ वरून काढा. फिल्टर नको. आणि कुणाला कामात असताना रेखाटणार असाल, तर आधी विचारा.