काका, त्या मोरपंखी साडीसाठी थँक्यू

ती. काका आणि काकी,
नमस्कार.

या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुमच्या दुकानाला 50 वर्षं होताय असं भावाने फोनवर सांगितलं, तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. 1976 ला, आणीबाणी चालू असताना, एका शटरचं दुकान टाकलं हे तुम्ही दर गिऱ्हाइकाला सांगतात, आम्हाला पाठच झालंय. हारतुरे, सत्कार गाव करेलच. मला माझ्या लग्नाच्या बस्त्याचं बोलायचंय.

2011 ची गोष्ट. पप्पांना जाऊन सहा वर्षं झालेली. कापूस विकून हातात 40 हजार, त्यातच माझ्या साड्या, सासरचा मानपान, मामांचे टॉवेल-टोपी सगळं बसवायचं. नातेवाईक म्हणे बस्ता मोठ्या शहरातच बांधा, अमळनेरात काय ठेवलंय. गेलो बापा. एसी शोरूम, काचेचे दरवाजे, आणि आतल्या पोऱ्याने साडी दाखवायच्या आधीच विचारलं बजेट किती, आकडा ऐकला तशी हातातली घडी परत कपाटात ठेवली आणि कोपऱ्यातल्या सेलच्या ढिगाकडे बोट केलं. मार्चचं ऊन, पाणी पण विचारलं नाही मेल्यांनी. येताना एसटीत आई एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे. चपला बाहेर, गादीवर बैठक, माठातलं पाणी, मग चहा. वहिनीचं चार महिन्यांचं पोरगं किरकिर करत होतं तर काकींनी त्याला मागच्या खोलीत नेलं, तिथे कडीला जुन्या साडीची झोळी बांधलेली. गिऱ्हाइकाच्या लेकरांसाठी दुकानात झोळी! एसीवाल्याला सुचेल का हे?

आणि आई कुठे, तर पार दाराजवळ, भिंतीला टेकून. विधवा बाईने लेकीच्या बस्त्याला हात लावायचा नसतो असं चुलतीने घरूनच बजावलेलं. आम्ही पण गप्प बसलो होतो, हे लिहिताना आज लाज वाटते. तुम्ही पहिलीच साडी काढली, मोरपंखी, मरून काठाची, तिची घडी मोडली आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यावरून आईकडे बघून म्हणाले, “माय, आधी तू सांग, तुले काय आवडनं?”

कोणी काही बोलेना. चुलतीचं तोंड वाकडं. आई नुसती मान हलवतेय, नको नको. तर काकी गल्ल्यावरून उठल्या, आईला हाताला धरून गादीच्या मधोमध आणून बसवलं, पदर तिच्या खांद्यावर टाकला आणि समोर आरसा धरला. सहा वर्षं राखाडी नाहीतर बदामी साडीतच बघितलेली माझी आई. तिने काठावरून बोट फिरवलं, दोनदा, आणि हळूच विचारलं, “कितलाले शे?”

तुम्ही भाव सांगितलाच नाही. बिलात ती साडी सगळ्यात शेवटी आली, आणि सगळा बस्ता 40 हजारात बसला. कसा बसवला ते तुम्हालाच माहीत.

पैसे कमी करणारे भेटतात हो काका. पण कोणती बाई कुठे बसलीय आणि का बसलीय हे बघणारा दुकानदार मी दुसरा बघितला नाही. बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते तेव्हा खेड्यापाड्यातल्या बाया तुमच्या ओट्यावर टेकतात, 2024 ला साहित्य संमेलन झालं तेव्हा बाहेरगावचे लोक टेकले, तुम्ही कोणाला उठवलं नाही, उलट आतून पाण्याचा जग पाठवला. माझी दोन्ही पोरं पण त्याच झोळीत झोपलीय, आठवतं ना?

अखाजीला येतेय माहेरी. आई तीच साडी नेसणार म्हणतेय. दोनदा फॉल बदलून झाला, आता परत एका बाजूने उसवलाय. काकींना म्हणा सुईदोरा काढून ठेवा.

तुमची,
दाराजवळ बसलेल्या माईची लेक