चि. मुक्तास

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

सेटवर चक्कर आल्याचं दादाकडून कळलं. रागावायला लिहीत नाही. नोकरी सोड असंही म्हणणार नाही.

तू ज्याचा फोटो टेबलावर ठेवलायस, त्या हॉलिवूडच्या निर्मात्याबद्दल, अर्विंग थालबर्गबद्दल, मिळेल ते वाचून काढलं. जेमतेम विशीत युनिव्हर्सल स्टुडिओचा कारभार त्याच्या हाती आला. १९२२ मध्ये स्ट्रोहाइमसारख्या दबदब्याच्या दिग्दर्शकाला त्याने चालू चित्रपटातून काढलं! पुढे एमजीएम स्टुडिओत तयार चित्रपट आधी प्रेक्षकांना दाखवायचा आणि ते कंटाळतील तो भाग पुन्हा लिहून, पुन्हा चित्रित करून घ्यायचा. एवढं करून हयातीत पडद्यावर स्वतःचं नाव येऊ दिलं नाही. 'नाव नाही आलं तरी चालेल, काम चोख झालं पाहिजे,' असं तू म्हणतेस ते कुठून आलं, ते आता कळलं. ऊर भरून आला गं.

पण त्याचं हृदय जन्मापासून अधू होतं. शाळेत असताना सांध्यांचा, हृदयालाही बाधणारा ताप आला, अंथरुणाला खिळला, आणि आई हेन्रिएटा त्याला पुस्तकं आणून द्यायची. तिथे माझं वाचन थांबलं. तुझी सातवी आठवली, तोच ताप. सुजलेले गुडघे, दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन. तू रडू नयेस म्हणून आजोबा मुद्दाम टॉकीजवरून न्यायचे, पोस्टरं दाखवत. तुझं वेड तिथलंच.

तो तिशी गाठेल की नाही, अशी शंका डॉक्टरांनी घेतली होती. तरी हेन्रिएटाने त्याला कामाला जाऊ दिलं. १९३२ च्या नाताळात हृदयविकाराचा झटका आला. त्यातून उठला आणि पुन्हा कामाला जुंपला. १४ सप्टेंबर १९३६ ला न्यूमोनियाने गेला, ३७ व्या वर्षी. निर्मात्यांना अकादमी त्याच्या नावाने पुरस्कार देते, तो तुला मिळावा असं मलाही वाटतं. पण रात्री दोनला काम संपल्यावर तू झोपतेस किती? जेवतेस काय? तिथे कॉफीवर दिवस काढणाऱ्यांचं तू बघू नकोस, त्यांच्या हृदयाच्या झडपा धडधाकट असतात.

झालं माझं सुरू, माफ कर. आताची औषधं वेगळी आहेत, तुझी झडपही ठीक आहे, मागच्या वेळी डॉक्टर म्हणालेच होते. पण मागची वेळ म्हणजे पुण्यातली ना?

नवा चित्रपट मिळाल्याचं मावशीला आणि खालच्या काकूंना सांगितलं. दादा म्हणतो, मी मिरवते. मिरवणारच.

इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, तारीख घेतलीस की लगेच कळव. माझा व्हिसा अजून चालू आहे.

तुझी,
आई