एकगठ्ठा वेळापत्रक भरण्याआधी वेळा तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणकावरच्या सिम्युलेटरवर विमान उडवणारी मंडळी आभासी विमान कंपन्यांत वैमानिक म्हणून नाव नोंदवतात. कंपनी आभासी असली तरी तिला वेळापत्रक, विमानांचा ताफा, तिकीट-वर्ग आणि उड्डाण-अहवाल हे सगळे लागतेच. पीएचपीव्हीएमएससारख्या मुक्त स्रोत प्रणाली हा व्याप सांभाळतात. एकेक उड्डाण हाताने भरायला तीन मिनिटे धरली तर दोन हजार उड्डाणांना शंभर तास होतात. म्हणून सगळे जण सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी खाने वेगळे केलेली साधी मजकूर फाईल) करून उड्डाणे एकगठ्ठा भरतात. या कामातल्या चुका ठरावीक आहेत, पण बहुतेक चुकांबद्दल प्रणाली चकार शब्द काढत नाही. ‘इम्पोर्ट यशस्वी’ एवढेच पडद्यावर उमटते. त्याचा अर्थ ओळी डेटाबेसात गेल्या, इतकाच. त्या बरोबर आहेत की नाहीत हे प्रणालीने पाहिलेलेच नसते.

सगळ्यांत जास्त घोळ वेळेचा होतो. विमान कंपन्या प्रवाशांना जे वेळापत्रक दाखवतात त्यात सुटण्याची वेळ सुटणाऱ्या गावच्या घड्याळाची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचणाऱ्या गावच्या घड्याळाची. बहुतेक प्रणाली वेळेचे खाने जसेच्या तसे साठवतात, रूपांतर करत नाहीत. समजा लंडन हीथ्रोहून न्यूयॉर्कला जाणारे विमान हिवाळ्यात ०८:२० ला सुटते आणि ११:१५ ला उतरते. या दोन वेळांची सरळ वजाबाकी करून उड्डाणाचा कालावधी भरला, तर १७५ मिनिटे येतात. प्रत्यक्षात न्यूयॉर्कचे ११:१५ म्हणजे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, हिवाळ्यात लंडनचे घड्याळही तीच दाखवते) १६:१५, म्हणून खरा कालावधी ४७५ मिनिटे. परतीच्या उड्डाणात चूक उलट्या बाजूला जाते. न्यूयॉर्कहून १८:३० ला सुटून दुसऱ्या दिवशी ०६:३० ला लंडनला उतरणाऱ्या विमानाचे सरळ वजाबाकीने १२ तास होतात, खरे तास सातच. वैमानिकाचे तास, मानधन आणि पदोन्नती या आकड्यांवर उभी असेल, तर एकाच मार्गावर जाताना तोटा आणि येताना फायदा अशी परिस्थिती होते.

तेव्हा फाईल बनवतानाच सगळ्या वेळा यूटीसीत आणाव्यात. पोहोचण्याच्या वेळेतून सुटण्याची वेळ वजा करावी आणि उत्तर ऋण आले तर १४४० मिनिटे मिळवावीत. प्रवासी विमानाचे कुठलेही नियमित विनाथांबा उड्डाण २४ तासांपर्यंत जात नाही, त्यामुळे हा हिशेब आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडणाऱ्या उड्डाणांनाही चालतो. पीएचपीव्हीएमएसच्या फाईलमध्ये उड्डाणाचा कालावधी मिनिटांत द्यायचा असतो. तिथे ‘७:५५’ असे लिहिणारे बरेच असतात, आणि मग काही ठिकाणी सात मिनिटांचे अटलांटिक-उल्लंघन नोंदले जाते.

यूटीसीत आणताना वाराकडे लक्ष हवे, आणि इथे जाणकारही चुकतात. आठवड्याचे दिवस १ ते ७ अशा आकड्यांनी दाखवतात, सोमवार १ आणि रविवार ७. काठमांडूची वेळ यूटीसीच्या पावणेसहा तास पुढे आहे. तिथून सोमवारी पहाटे ०१:३० ला सुटणारे उड्डाण यूटीसीत रविवारी १९:४५ चे होते. वेळ बदलली आणि दिवसाचा १ तसाच ठेवला, तर ते उड्डाण एक दिवस उशिरा दिसू लागते. दिवसाच्या खान्यात ‘१३५’ असेल तर त्यातला प्रत्येक आकडा एकाने मागे न्यावा लागतो, म्हणजे ‘७२४’, आणि चढत्या क्रमाने ‘२४७’. रोज उडणाऱ्या विमानांत ही चूक लपून राहते, म्हणून आठवड्यातून दोन-तीन वेळा उडणारी उड्डाणे मुद्दाम वेगळी काढून तपासावीत.

उन्हाळी वेळेचा प्रश्न याला जोडूनच येतो. युरोपात घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातात, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी. मागे येतात ती युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या आठवड्यांत लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातला फरक पाचाऐवजी चार तासांचा असतो. म्हणून ‘न्यूयॉर्क उणे पाच’ असा स्थिर आकडा सूत्रात घालू नये. प्रत्येक विमानतळाला आयएएनए टाइम झोन डेटाबेसातले (जगभरच्या स्थानिक वेळांच्या नियमांचा संग्रह) नाव, जसे ‘अमेरिका/न्यूयॉर्क’, जोडावे आणि त्या तारखेचा फरक संगणकाला काढू द्यावा. विमान वाहतुकीचा उन्हाळी हंगाम मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या आदल्या शनिवारपर्यंत चालतो. दोन हंगामांच्या दोन फाईली ठेवून सुरुवातीची आणि शेवटची तारीख भरली, की वर्षातून दोनदा धावपळ करावी लागत नाही.

एक साधी कसोटी मात्र कधीही गाळू नये. अंतर भागिले कालावधी करून सरासरी वेग काढावा. हीथ्रो ते न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ हे अंतर सुमारे ३००० सागरी मैल. १७५ मिनिटांत हे अंतर कापायला वेग हजार नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वर जातो, आणि १२ तासांत कापायचे तर २५० नॉट. जेट विमानाच्या पाचशे मैलांपेक्षा लांब उड्डाणांत ३०० च्या खाली किंवा ५५० च्या वर आकडा दिसला, की ती ओळ हाताने पाहावी. छोट्या उड्डाणांना ही मर्यादा लागू होत नाही, कारण तिथे जमिनीवर फिरण्यातच बराच वेळ जातो. टर्बोप्रॉप (पंख्याची, कमी वेगाची) विमानेही वेगळी काढावीत. स्प्रेडशीटमध्ये हा एक जादा कॉलम टाकायला दोन मिनिटे लागतात. वेळेच्या, अंतराच्या आणि विमानतळाच्या कोडच्या कितीतरी चुका त्यात एकदम उघड्या पडतात.

स्प्रेडशीटचा विषय निघालाच आहे तर एक्सेलबद्दल. सीएसव्ही फाईल डबल क्लिक करून उघडली की एक्सेल तिच्यातला मजकूर स्वतःच्या समजुतीने बदलतो. ‘०६१५’ ही वेळ ६१५ होते. इंडिगोचा दोन अक्षरी कोड ६ई आहे. ‘६ई२०४’ हा उड्डाण क्रमांक एक्सेलला सहा गुणिले दहाचा २०४ वा घात वाटतो. ‘६ई३०७’ पर्यंत ही गत होते आणि ‘६ई३०८’ पासून आकडा एक्सेलच्या मर्यादेबाहेर जातो, म्हणून तो मजकूरच राहतो. एकाच कॉलमात काही ओळी बिघडलेल्या आणि काही शाबूत, हे पाहून माणूस गोंधळतो, त्याचे कारण हे. एक्सेलमध्ये जनुकांच्या नावांच्या तारखा होतात म्हणून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी काही मानवी जनुकांची नावेच बदलली. आपल्याला तेवढे करायची गरज नाही. डेटा मेन्यूतून फाईल आत घ्यावी आणि प्रत्येक कॉलमला ‘टेक्स्ट’ प्रकार द्यावा. शिवाय प्रणालीला एअरलाइन आणि क्रमांक वेगवेगळ्या खान्यांत हवे असतात. पहिल्यात तीन अक्षरी आयकाओ (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) कोड, दुसऱ्यात नुसता आकडा. तयार झालेली फाईल पुन्हा ‘जरा बघू’ म्हणून एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नये. बघायची तर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये बघावी.

आणखी एक त्रास डोळ्यांना दिसत नाही. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ (मजकूर साठवण्याची एक पद्धत) म्हणून सेव्ह केल्यावर एक्सेल फाईलच्या अगदी सुरुवातीला तीन अदृश्य बाइट टाकतो. काही प्रणाली ते पहिल्या कॉलमच्या नावाचा भाग समजतात आणि ‘एअरलाइन कॉलम सापडला नाही’ अशी एरर देतात, जरी तो समोर दिसत असतो. एडिटरमध्ये ‘बीओएमशिवाय’ (बीओएम म्हणजे तेच तीन बाइट) हा पर्याय निवडून सेव्ह केले की काम होते. ज्या संगणकावर दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात तिथे एक्सेल कॉलमांमध्ये अर्धविराम घालतो. पीएचपीव्हीएमएसमध्ये अर्धविराम एका खान्यातले अनेक सबफ्लीट (ताफ्यातले एकाच प्रकारच्या विमानांचे गट) वेगळे करायला राखून ठेवलेला आहे, त्यामुळे अख्खी ओळच कोलमडते.

कोडांच्या बाबतीत थोडी शिस्त पाळली तर फार अडत नाही. तीन अक्षरी आयाटा (विमान कंपन्यांची जागतिक संघटना) कोड प्रवाशांसाठी आणि चार अक्षरी आयकाओ कोड प्रणालीसाठी. कोड बदलतातही: एप्रिल २०१९ मध्ये इस्तंबूलचा ‘आयएसटी’ कोड नव्या विमानतळाकडे गेला. जुन्या तक्त्यावरून रूपांतर केले तर विमाने अजूनही जुन्या अतातुर्क विमानतळाला उतरतात. अवर एअरपोर्ट्स या संकेतस्थळाची विमानतळांची फाईल सार्वजनिक मालकीची आहे आणि तिच्यात दोन्ही कोड, अक्षांश, रेखांश मिळतात. टाइम झोन मात्र वेगळा जोडावा लागतो. काही प्रणालींना अनोळखी कोड मिळाला की त्या शून्य अक्षांश, शून्य रेखांशावर नवा विमानतळ उभा करतात. अशी सगळी उड्डाणे गिनीच्या आखातात जाऊन पोहोचतात. वर सांगितलेल्या वेगाच्या कसोटीत तीही पकडली जातात.

विमानांचे कोडही असेच दुहेरी आहेत. वेळापत्रकातला ‘७३एच’ आणि ‘७३८’ हे दोन्ही आयकाओच्या भाषेत बी७३८, ‘३२एन’ म्हणजे ए२०एन, ‘७७डब्ल्यू’ म्हणजे बी७७डब्ल्यू. ‘३२एस’ या कोडमध्ये ए३१८ पासून ए३२१ पर्यंत काहीही असू शकते, तिथे माणसानेच निर्णय घ्यावा. सबफ्लीटचे नाव एका अक्षराने चुकले तरी काही प्रणाली त्या नावाचा नवा, रिकामा सबफ्लीट तयार करतात. उड्डाण यादीत दिसते, पण वैमानिकाला विमानच मिळत नाही. म्हणून क्रम पाळावा: आधी एअरलाइन, विमानतळ आणि भाडे-वर्ग, मग सबफ्लीट, मग विमाने, आणि सगळ्यांत शेवटी उड्डाणे.

कोडशेअरची उड्डाणे गाळायलाच हवीत. एकच विमान तीन कंपन्यांच्या तीन क्रमांकांनी विकले जाते, आणि सरसकट भरल्यास जाळे फुगते. सुटण्याचे व उतरण्याचे ठिकाण, दोन्ही वेळा आणि विमानाचा प्रकार जुळत असेल तर प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीची ओळ ठेवावी.

मार्गाचे खाने, म्हणजे वे-पॉइंट (वाटेतले ठरलेले बिंदू) आणि हवाईमार्गांची ओळ, आमच्या मते रिकामे सोडावे. हवाई माहिती दर २८ दिवसांनी बदलते. आज भरलेला मार्ग काही महिन्यांत अस्तित्वात नसलेल्या बिंदूंवरून जाऊ लागतो, आणि व्हॅटसिम किंवा आयव्हीएओ या आभासी हवाई नियंत्रणाच्या जाळ्यांवर नियंत्रकाला तो दुरुस्त करत बसावे लागते. सिमब्रीफ ही उड्डाण-आराखड्याची सेवा मार्ग ताजा काढून देते.

अपलोडच्या वेळी सर्व्हरच्या मर्यादा आड येतात. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मूळ सेटिंगमध्ये २ मेगाबाइटपेक्षा मोठी फाईल चढत नाही, आणि एका विनंतीला ३० सेकंदांची मुदत असते. पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची मूळ मर्यादा १ मेगाबाइट, ओलांडली की ‘४१३’ एरर. प्रत्येक ओळीमागे एअरलाइन, दोन विमानतळ, सबफ्लीट आणि जुनी नोंद असे अनेक शोध डेटाबेसात होतात, त्यामुळे फाईल छोटी असली तरी ती मुदत संपते. पाचशे ओळींचे तुकडे करणे सगळ्यांत सुरक्षित. ‘५०४’ (मुदत संपली) एरर आली म्हणून तीच फाईल लगेच पुन्हा चढवू नये. ब्राउझरने वाट पाहणे सोडलेले असते, पण सर्व्हरवर काम चालूच असू शकते किंवा अर्ध्यावर थांबलेले असू शकते. आधी डेटाबेसातली उड्डाणे मोजावीत.

नोंद ओळखण्याची पद्धतही समजून घ्यावी. बहुतेक ठिकाणी एअरलाइन, क्रमांक, रूट कोड (एकाच क्रमांकाची उड्डाणे वेगळी ओळखायची खूण) आणि लेग (उड्डाणाचा टप्पा) यांवरून प्रणाली ठरवते की ओळ नवी आहे की जुनीच. एकच क्रमांक शनिवारी वेगळ्या वेळेला उडत असेल आणि रूट कोड वेगळा दिला नसेल, तर दुसरी ओळ पहिलीवर चढून बसते. फाईलमध्ये २००० ओळी आणि डेटाबेसात १९४० उड्डाणे अशी तफावत बहुधा यामुळेच दिसते. ‘आधीची उड्डाणे काढून टाका’ या खुणेला बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नये. वैमानिकांनी घेतलेली बुकिंग त्या उड्डाणांना जोडलेली असतात.

पहिल्यांदा दहाच ओळी भराव्यात, पण निवडून: एक मध्यरात्र ओलांडणारी, एक वाररेषा ओलांडणारी, एक आठवड्यातून दोनदा उडणारी, एक दोन लेगची, एक मालवाहू आणि बाकी साध्या. त्या संकेतस्थळावर उघडून पाहाव्यात, मग वैमानिकाच्या संगणकावरील एकार्स (उड्डाणाची नोंद ठेवून अहवाल पाठवणारा) प्रोग्रॅममध्ये बुक करून पाहाव्यात. तिथे वेळ, कालावधी आणि विमान तिन्ही बरोबर दिसले, की उरलेले तुकडे चढवायला हरकत नाही.

कळावे,
आभासी विमान कंपन्यांची वेळापत्रके सांभाळणारे कार्यकर्ते