स्मारक एकट्या शिल्पकाराचे नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवार पुरवणीतील ल्यू कायछू (१९०४-१९९३) यांच्यावरील लेख आवडला. चिनी शिल्पकारांवर मराठीत फारसे कोणी लिहीत नाही. मात्र बीजिंगच्या तिआनआनमेन चौकातील जनवीर स्मारकाची सर्व उठावशिल्पे (दगडी पट्टावर उठून दिसतील अशी कोरलेली दृश्ये) ल्यू यांचीच, हे विधान बरोबर नाही.

१९५२ ते १९५८ या काळात उभारलेल्या या स्मारकाच्या शिल्पकामाचे ते प्रमुख होते. आठ मुख्य शिल्पपट्टांपैकी यांगत्से नदी ओलांडणाऱ्या सैन्याचा पट्ट आणि त्याच्या दोन्ही अंगांचे छोटे पट्ट त्यांचे. राजसत्तेविरुद्धचे १९११ चे वूछांगचे बंड फू तिआनचौ यांनी, १९१९ चे ४ मेचे विद्यार्थी आंदोलन हुआ तिआनयू यांनी, तर जपानविरोधी गनिमी युद्ध झांग सोंगहे यांनी घडवले. पट्टांची उंची २ मीटर, एकूण लांबी ४० मीटरच्या वर. इतक्या हातांचे काम एकाच चौथऱ्यावर बसवायचे, तर माणसांची उंची आणि कोरीव कामाची खोली सगळीकडे जुळावी लागते. नाहीतर एक पट्ट पुढे आल्यासारखा आणि शेजारचा मागे गेल्यासारखा दिसतो. ल्यू यांची खरी कामगिरी मला इथे दिसते.

संगमरवर कोरला तो हपेई प्रांतातील छ्यूयांगच्या पाथरवटांनी. त्यांचा उल्लेखही लेखात हवा होता. मातीच्या नमुन्यावरून प्लास्टरची प्रतिकृती काढतात, त्यावर तीन पक्के बिंदू धरून कंपासने प्रत्येक ठिकाणची खोली दगडावर उतरवतात. त्या खोलीच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडेच छिन्नी थांबवायची. उरलेला थर शेवटच्या हातासाठी. मूळ बिंदू सरकला की चूक सगळ्या पट्टभर पसरते. छिन्नी अगदी सरळ उभी मारली तर आतले कण चिरडून पांढरा डाग उमटतो, तो वरवरच्या घासणीने जात नाही. मातीत खड्डा भरता येतो. दगडात मात्र नाक जास्त कोरले गेले की आजूबाजूचा सगळा चेहरा खाली घ्यावा लागतो, आणि उठावशिल्पात तेवढी जाडी शिल्लकच नसते.

ल्यू १९२८ मध्ये पॅरिसला गेले, फ्रेंच शिल्पकार झां बूशे यांच्याकडे शिकले आणि १९३३ मध्ये परतून हांगचौच्या कला विद्यालयात शिकवू लागले, हे लेखात आले आहेच. पण सिचुआन प्रांतातील छंगतू शहरामधील १९४४ चा अनाम वीराचा पुतळा सुटला, याची खंत वाटते. पायात गवती चपला, हातात बंदूक, धावता सिचुआनी शिपाई. १९६० च्या दशकात तो नष्ट झाला. १९८९ मध्ये, ल्यू हयात असतानाच, पुन्हा घडवला गेला. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कामात हाच पुतळा सर्वांत जिवंत आहे. पुढील अंकात त्याचे छायाचित्र आणि आठही पट्टांच्या शिल्पकारांची नावे छापावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे